किडीचे तोंड कसे ओळखावे आणि त्यावरून उपाय कसा ठरवावा

पिकावर कीड दिसली की बहुतेक जण कृषी सेवा केंद्रात जाऊन औषधाचे नाव विचारतात. त्याआधी स्वतःला विचारण्याचा एक प्रश्न असतो, तो म्हणजे ही कीड खाते कशी. पान कुरतडून गिळणारी अळी आणि पानात सुई खुपसून रस ओढणारा मावा एकाच झाडावर, कित्येकदा एकाच पानावर असतात. पण पानाच्या पृष्ठभागावर बसलेले विष त्या दोघांच्या पोटात सारखे जात नाही. अळी ते पानाबरोबर गिळते, तर माव्याची सुई त्या थराला छेदून आतल्या रसवाहिनीपर्यंत पोहोचते आणि वरचे विष तिथेच राहते. किडीचे नेमके नाव कळले नाही तरी तिच्या तोंडाची रचना कळली, तर बरेचसे निरुपयोगी उपाय दुकानात जाण्यापूर्वीच बाद करता येतात. हे तोंड भिंगातून कसे पाहावे, आणि कीड समोर नसेल तेव्हा तिने मागे ठेवलेल्या खुणेवरून ते कसे ओळखावे, हे पुढे सांगितले आहे. उदाहरणे महाराष्ट्रातील पिकांवर नेहमी आढळणाऱ्या किडींचीच घेतली आहेत.

लागणारे साहित्य थोडे आहे. दहा पट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, पांढरा जाड कागद किंवा थाळी, टोकदार चिमटा, दोन सुया, झाकणाच्या काही पारदर्शक डब्या आणि नमुने ठेवण्यासाठी ७० टक्के अल्कोहोल एवढे पुरते. भिंग वापरताना ते पानाजवळ न धरता डोळ्याला अगदी लगटून धरावे, उजेडाकडे तोंड करावे आणि पान हळूहळू भिंगाच्या दिशेने आणावे. प्रतिमा स्पष्ट होते त्या अंतरावर थांबावे. भिंग डोळ्यापासून दूर आणि पान त्याहून दूर धरून पाहणाऱ्याला फक्त हिरवा धूसर गोळा दिसतो आणि भिंग बिनकामाचे आहे असा त्याचा समज होतो.

आधी नाकतोडा उघडून पाहावा

सर्व प्रकारची तोंडे समजण्यासाठी सुरुवात चावून खाणाऱ्या तोंडापासून करावी, कारण बाकीची तोंडे याच भागांचे लांबट, पोकळ किंवा जोडलेले रूप आहेत. त्यासाठी मोठा नाकतोडा उत्तम. झुरळही चालते, पण त्याची मुखांगे लहान असतात. नाकतोडा डबीत घालून काही तास फ्रीजरमध्ये ठेवावा. जुना, वाळलेला नमुना असेल तर तो गरम पाण्यात ठेवून मऊ करून घ्यावा, नाहीतर भाग तुटतात.

नाकतोड्याचे डोके आपल्याकडे तोंड करून धरावे. डोळ्यांच्या खाली, समोर, एक पातळ झडप लोंबताना दिसते. तो वरचा ओठ. सुईच्या टोकाने तो उचलावा आणि वरच्या कडेशी कापून बाजूला ठेवावा. आत लगेच दोन जाड, काळपट तपकिरी जबडे दिसतात. ते आपल्या जबड्यांप्रमाणे वर-खाली हलत नाहीत, तर डावीकडून आणि उजवीकडून एकमेकांकडे येतात. चिमट्याने एकेक जबडा मुळाशी धरून बाहेरच्या बाजूला ओढावा. तो बऱ्यापैकी घट्ट असतो, कारण त्याला ओढणारे स्नायू डोक्याचा मोठा भाग व्यापतात. सुटा जबडा भिंगाखाली फिरवून पाहिला की टोकाकडे कापणारे धारदार दाते आणि बुंध्याकडे दळणारा खडबडीत भाग असे दोन विभाग स्पष्ट दिसतात. डावा आणि उजवा जबडा एकमेकांची हुबेहूब प्रतिमा नसतात. मिटताना एक दुसऱ्यावर चढतो, म्हणून पानाची कड कात्रीने कापावी तशी कापली जाते.

जबड्यांच्या मागे दुसरी जोडी असते. तिला शास्त्रीय मराठीत जंभिका म्हणतात. हिचे काम घास धरणे आणि आत ढकलणे हे असून तिच्या बाहेरच्या बाजूला पाच पेरांचा एक स्पर्शक असतो, ज्याने कीटक खाण्यापूर्वी पान चाचपतो. त्याच्याही मागे खालचा ओठ असतो. त्यावर तीन पेरांच्या स्पर्शकांची जोडी असते. या सगळ्यांच्या मधोमध जिभेसारखा मांसल उंचवटा दिसतो आणि त्याच्या बुडाशी लाळेची नलिका उघडते. हे सर्व भाग पांढऱ्या कागदावर जिथल्या तिथे क्रमाने मांडून ठेवावेत आणि मोबाइलने फोटो काढून ठेवावा. वरचा ओठ, जबड्यांची जोडी, जंभिकांची जोडी, खालचा ओठ आणि जीभ: पुढच्या प्रत्येक किडीत यांतले काय वाढले, काय आटले आणि काय एकमेकांना चिकटले, एवढेच पाहायचे आहे.

जिवंत कीड हाती असेल तेव्हा आधी डोक्याची दिशा पाहावी. तोंड सरळ खाली असेल तर ती बहुधा पान चरणारी कीड असते. जबडे पुढे रोखलेले असतील तर ती शिकारी असण्याची किंवा पोखरत पुढे जाणारी असण्याची शक्यता अधिक. आणि चोच पोटाखाली, पायांच्या मधून मागे दुमडलेली असेल तर ती रस शोषणारी आहे, यात सहसा शंका राहत नाही.

चावून खाणाऱ्यांच्या खुणा

चावलेल्या पानाचा तुकडा नाहीसा झालेला असतो. ही बाब फारच उघड वाटते, पण रोगाचा डाग वाळून गळून पडला तरी पानाला भोक पडते आणि तिथे गफलत होते. भोकाची कड भिंगातून पाहावी. कड ताजी, हिरवी आणि किंचित दातेरी असेल तर ते किडीचे काम. कडेभोवती तपकिरी किंवा पिवळे वलय असेल तर बुरशीचा किंवा जिवाणूचा संशय घ्यावा. पानावर किंवा पानाच्या बेचक्यात विष्ठेच्या सुक्या गोळ्या सापडल्या तर चावून खाणारी कीड नक्की आहे, कारण रस शोषणाऱ्या किडीची विष्ठा द्रवरूप असते.

अळीचे वयही या खुणेत वाचता येते. सोयाबीनवरील तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीची नुकती उबवलेली पिल्ले घोळक्याने राहतात. त्यांचे जबडे इतके लहान असतात की त्यांना पानाची पूर्ण जाडी कापता येत नाही. ती फक्त हिरवा भाग खरवडतात आणि वरचा पारदर्शक पापुद्रा तसाच राहतो. शेतात चालताना असे एखादे जाळीदार, कागदासारखे पांढरट पान दिसले की ते उलटून पाहावे; सगळा घोळका त्या एका पानावर मिळतो आणि ते पान तोडून नष्ट केले की काम होते. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आली, तिच्याबाबतीतही हाच क्रम दिसतो. आधी पोंग्यातील पानांवर लांबट पांढरे चट्टे, मग अळी कात टाकत मोठी होते तसतशी मोठी वेडीवाकडी भोके, आणि शेवटी पोंग्यात भुशासारखी साचलेली ओली विष्ठा. चट्टे असताना फवारणी केली तर ती लागू पडते. पोंगा विष्ठेने भरल्यावर औषध अळीपर्यंत पोहोचतच नाही, आणि तरी बहुतेक फवारण्या त्याच वेळी होतात.

हरभऱ्यावरील घाटेअळी डोके घाट्यात खुपसून आणि मागचे अंग बाहेर ठेवून दाणे खाते; घाट्याला गोल, स्वच्छ भोक पडते. सोयाबीनच्या चक्रीभुंग्याची खूण सर्वांत नेटकी म्हणावी लागेल. मादी जबड्यांनी देठावर किंवा खोडावर दोन समांतर वर्तुळाकार काप घेते आणि त्यांच्या दरम्यान अंडे घालते. वरच्या भागाचा अन्नपाण्याचा प्रवाह तुटून तो सुकतो. सुकलेली फांदी दिसली की तिच्या बुडाशी ही दोन चक्रे शोधावीत. नारळाच्या गेंड्या भुंग्याने कोवळ्या, मिटलेल्या पानातून आरपार पोखरलेले असते. पुढे ते झावळे उघडले की त्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात, म्हणजे भुंगा आला होता केव्हा आणि खूण दिसते केव्हा, यात बराच काळ जातो.

इथे एक अपवाद लक्षात ठेवावा. तांदळातील सोंडे किंवा नारळाचा लाल सोंड्या यांना डोक्यापुढे लांब सोंड असते, म्हणून ते रस शोषतात असा समज होतो. भिंगातून सोंडेचे टोक पाहिले की तिथे छोटे पण पूर्ण जबडे दिसतात. सोंड म्हणजे लांब झालेले डोके. त्या जबड्यांनी मादी धान्याच्या दाण्यात भोक पाडते, त्यात अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. सोंडे चावूनच खातात.

रस शोषणाऱ्यांची चोच

मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, लाल ढेकूण हे सगळे एकाच गणातले. यांच्या तोंडात नाकतोड्याचे जबडे आणि जंभिका ताणून चार केसासारख्या सुया झालेल्या असतात. आतल्या दोन सुया एकमेकींत गुंतून बसतात आणि त्यांच्या मध्ये दोन अतिसूक्ष्म नळ्या तयार होतात. एकीतून लाळ खाली जाते, दुसरीतून रस वर येतो. खालचा ओठ या सुयांचे म्यान बनतो. आपल्याला बाहेरून दिसते ती चोच म्हणजे हे म्यान, आणि ते पानात शिरत नाही. लाल ढेकूण कपाशीच्या सरकीवर बसलेला असताना बाजूने भिंग लावून पाहिले तर सुया आत जाताना म्यान मध्येच कोपरासारखे दुमडताना दिसते. हे दृश्य एकदा पाहिले की चित्रातील सगळी नावे जागेवर बसतात.

मावा सुई खुपसताना घट्ट होणारी लाळ सोडत जातो, त्यामुळे सुईभोवती एक आवरण तयार होते आणि ती पेशींच्या मधल्या फटींतून वळणे घेत अन्नवाहिनीपर्यंत जाते. अन्नवाहिनीतील रस दाबाखाली असतो, त्यामुळे तो नळीत आपोआप चढतो. या रसात साखर भरपूर आणि नत्रयुक्त पदार्थ अगदी थोडे असतात. पुरेसे नत्र मिळवण्यासाठी माव्याला खूप रस प्यावा लागतो आणि जादा साखर तो शरीराबाहेर टाकतो. हाच शेतकऱ्यांच्या ओळखीचा चिकटा. त्यावर काळी बुरशी चढते, मुंग्या येतात, आणि ज्वारी असो की कपाशी, पाने वरून तेलकट चमकू लागतात. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली तर शेंड्याकडे मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधावा. मुंग्या पीक खात नाहीत, त्या गोडासाठी आलेल्या असतात.

सगळे रसशोषक चिकटाच सोडतात आणि नुकसान फक्त रस गेल्याने होते, असे मात्र नाही. कपाशीच्या तुडतुड्यांची लाळ पानाला विषासारखी बाधते. पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग लाल होतात आणि खाली वळतात; पान भाजल्यासारखे दिसते. म्हणूनच कपाशीसाठी आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे किडीची ज्या संख्येला उपाय करणे परवडते ती संख्या, ठरवताना मावा किंवा फुलकिडे सरासरी १० प्रति पान धरले जातात, पण तुडतुडे २ ते ३ पिल्ले प्रति पान असले तरी पातळी ओलांडली असे मानतात. पान उलटून पाहावे, तिरकी चाल चालणारी फिकट हिरवी पिल्ले म्हणजे तुडतुडेच. कोकणात काजूच्या पालवीवर आणि मोहोरावर येणारा ढेकण्या याच प्रकारचे नुकसान करतो. तो टोचतो तिथे डाग काळा पडतो, कोवळा शेंडा करपतो आणि संपूर्ण मोहोर वाळू शकतो. एवढ्याशा कीटकाने एवढे नुकसान कसे केले, याचे उत्तर त्याच्या लाळेत आहे.

पांढऱ्या माशीचे आणि माव्याचे तिसरे उपद्व्यापही तोंडातूनच होतात. भेंडीवरील पिवळ्या शिरांचा केवडा रोग पांढरी माशी पसरवते. एका झाडातून रस ओढताना विषाणू तिच्या शरीरात जातो आणि दुसऱ्या झाडावर लाळेबरोबर उतरतो. अशा रोगात कीड मोजून पातळी गाठण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावे.

फुलकिडे वेगळे मोजावेत

फुलकिड्यांना रसशोषक किडींच्या यादीत टाकण्याची पद्धत आहे, पण त्यांचे तोंड माव्यापेक्षा बरेच वेगळे असते. त्यांचा उजवा जबडा जवळजवळ नाहीसा झालेला असतो आणि डावा तेवढा टोकदार शिल्लक असतो. त्या एका जबड्याने ते पृष्ठभागावरची पेशी फोडतात, मग नळी लावून तिच्यातील रस ओढून घेतात. रिकाम्या झालेल्या पेशींत हवा भरते, म्हणून कांद्याच्या पातीवर चंदेरी पांढरट रेघा आणि ठिपके दिसतात. त्यांच्याजवळ विष्ठेचे बारीक काळे कण असले तर निदान पक्के झाले. द्राक्षाच्या कोवळ्या मण्यांवर हेच खरवडणे झाले तर पुढे मणी वाढताना तिथे तपकिरी, खरखरीत चट्टा राहतो.

फुलकिडे मोजायचे तर फूल किंवा शेंडा पांढऱ्या कागदावर दोन-चार वेळा झटकावा. पिवळसर, तपकिरी, सुईच्या टोकाएवढ्या लांबट किडी पळताना दिसतात. कांद्यात ते पातीच्या बेचक्यात आत दडलेले असतात, म्हणून पात फाकवून पाहावी. कांद्याच्या पातीवर मेणचट थर असल्याने औषधाचे थेंब घरंगळून जातात; तिथे चिकटद्रव्य मिसळणे ही शोभेची शिफारस नव्हे.

मिरचीत एक गोंधळ वारंवार होतो. फुलकिड्यांमुळे पाने वरच्या बाजूला वळतात, तर कोळ्यांमुळे ती खालच्या बाजूला, होडी उलटी केल्यासारखी वळतात. कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात आणि त्याच्यासाठी कोळीनाशक लागते. पान कोणत्या बाजूला वळले आहे हे न पाहता केलेली फवारणी वाया जाण्याची शक्यता निम्मीशिम्मी असते.

अळी एक खाते, पतंग दुसरे

एकाच कीटकाचे तोंड वयाप्रमाणे पूर्ण बदलू शकते. अळीला जबडे असतात. पतंगाला किंवा फुलपाखराला जंभिकांच्या दोन लांब पन्हळी जोडून झालेली, डोक्याखाली गुंडाळून ठेवलेली सोंड असते. लिंबावरच्या फुलपाखराचा कोश घरी डबीत ठेवून फुलपाखरू बाहेर पडण्याची वाट पाहावी. अगदी पहिल्या काही मिनिटांत सोंडेचे दोन धागे सुटे दिसतात. फुलपाखरू सोंड वारंवार उलगडून-गुंडाळून ते एकमेकांत बसवते. टसर रेशमाच्या पतंगाला तर खाण्यायोग्य तोंडच नसते. विदर्भातील ऐनाच्या झाडांवर अळीने जे खाल्ले, त्याच शिदोरीवर तो अंडी घालण्यापर्यंतचे थोडे दिवस काढतो. सोंडेची लांबी फुलाशी किती जुळू शकते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मादागास्करचे आहे. तिथल्या एका ऑर्किडचा मधुरस सुमारे ३० सेंटिमीटर खोल नळीच्या तळाशी असतो हे पाहून डार्विनने १८६२ मध्ये तेवढ्या सोंडेचा पतंग असलाच पाहिजे असे लिहिले, आणि १९०३ मध्ये तसा पतंग शास्त्रीय नावानिशी नोंदवला गेला.

बहुतेक पतंगांची सोंड मऊ असल्यामुळे त्यांच्यापासून पिकाला त्रास नसतो; त्रास त्यांच्या अळ्यांचा. मोसंबी आणि डाळिंबाच्या बागांत याच्या नेमके उलट घडते. फळातील रस शोषणाऱ्या पतंगाच्या सोंडेचे टोक टणक, अणकुचीदार आणि उलट्या काट्यांचे असते, आणि त्याने तो पिकत आलेल्या फळाची साल भेदतो. पतंग धडधाकट मोठा, मागचे पंख नारिंगी आणि त्यावर काळे पट्टे. तो अंधार पडल्यावर येतो, म्हणून दिवसा बागेत फक्त खाली पडलेली फळे दिसतात आणि संशय भलत्यावरच जातो. फळ उचलून पाहावे. टाचणीने टोचल्यासारखे एक भोक, त्याभोवती मऊ तपकिरी वर्तुळ, आणि दाबले की भोकातून रस बाहेर येतो. भोकातून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात आणि फळ सडून गळते. रात्री विजेरी घेऊन बागेत फिरले की फळांवर बसलेल्या पतंगांचे डोळे चमकताना दिसतात.

या किडीवर झाडावर कीटकनाशक फवारण्याचा उपयोग फारसा नाही, आणि कारण पुन्हा तोंडच. पतंग साल खात नाही, तिच्यावरचे औषध चाटत नाही. तो भोक पाडून आतला रस पितो आणि उडून जातो. त्याची अळी तर मोसंबीवर नसतेच, ती गुळवेल आणि वासनवेल यांच्या पानांवर वाढते. म्हणून बागेच्या कुंपणावरील आणि बांधावरील या वेली काढणे, फळांना पिशव्या बांधणे, गळलेली फळे गोळा करून पुरणे आणि गूळ किंवा आंबलेल्या फळांच्या रसात विष मिसळून आमिष ठेवणे, हे उपाय करावे लागतात. आमिष चालते, कारण ते तो पितो.

माश्या आणि मधमाश्या

घरमाशीच्या तोंडाला चावता येत नाही. टोकाला स्पंजासारखी दोन पाळ्यांची गादी असते आणि तिच्यावरच्या बारीक पन्हळींतून द्रव वर चढतो. हे पाहायचे तर स्वच्छ काचेच्या तुकड्यावर गुळाच्या पाण्याचा थेंब ठेवावा आणि माशी बसली की काचेखालून भिंगाने पाहावे. गादी पसरते, दाबली जाते, पुन्हा आवळते. कोरड्या साखरेच्या दाण्यावर माशी आधी लाळ सोडते आणि दाणा विरघळवून मग पिते. त्याच काचेवर मुंगी आली तर तिचे जबडे बाजूला राहून खालची छोटी जीभ थेंबाला लागताना दिसते.

फळमाशीच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. आंब्यावर, दोडक्यावर किंवा कारल्यावर दिसणारे बारीक छिद्र तोंडाने पडलेले नसते. मादी अंडी घालण्याच्या अवयवाने साल टोचते. नुकसान आतल्या अळ्या करतात, आणि त्यांच्या तोंडाच्या जागी दोन काळे आकडे असतात, ज्यांनी त्या गर ओरबाडतात. फळ कापून अळी काढली आणि तिच्या निमुळत्या टोकाकडे भिंग लावले तर हे काळे आकडे कातडीतून स्पष्ट दिसतात. टोमॅटोच्या पानावर नागमोडी पांढरी रेघ काढणाऱ्या नागअळीलाही असेच आकडे असतात. प्रौढ फळमाशी मात्र पृष्ठभागावरचे गोड चाटते, त्यामुळे तिच्यासाठी गुळाचे विषारी आमिष उपयोगी पडते. फळातल्या अळीसाठी बाहेरून काही करता येत नाही.

मधमाशीला जबडेही असतात आणि केसाळ जीभही. जबडे मेण आणि परागासाठी, जीभ मधुरसासाठी. पिकात भिनणारे औषध फुलोऱ्यात दिले तर ते मधुरसात आणि परागात उतरू शकते आणि तिच्या पोटात जाते. डाळिंब, सूर्यफूल, वेलवर्गीय भाज्या किंवा कांद्याचे बीजोत्पादन घेणाऱ्याने तरी याचा हिशेब करावा.

मित्रकीटकांना वगळावे

माव्याच्या वसाहतीत माव्याशिवायही बरेच काही असते. लेडीबर्ड भुंगेरा आणि त्याची काळपट, काटेरी अळी मावा चावून खातात. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाची अळी मावा विळ्यासारख्या दोन पोकळ जबड्यांनी धरून उचलते आणि त्यातच शोषून घेते. मागे राहते ती रिकामी कातडी. ढेकणांमध्ये शत्रू-मित्र ओळखायला चोच पाहावी. पिकावरच्या ढेकणाची चोच लांब, बारीक, चार पेरांची आणि छातीला लागून सरळ असते. शिकारी ढेकणाची चोच सहसा आखूड, जाड, तीन पेरांची आणि धनुष्यासारखी वाकलेली असते. असा ढेकूण हातात पकडू नये, त्याचा दंश चांगलाच झोंबतो.

आता उपाय

चावून खाणाऱ्या किडीसाठी पोटविष उपयोगी पडते. बीटी जिवाणूयुक्त औषधे आणि घाटेअळीवरचा एचएनपीव्ही विषाणू यांचा परिणाम व्हायचा तर ती पोटात जायलाच हवीत. म्हणून ती लहान अळ्यांवर आणि पाने नीट भिजतील अशी फवारावीत. विषाणू कडक उन्हात निकामी होत असल्याने वेळ संध्याकाळची ठेवावी. हीच औषधे माव्यावर किंवा तुडतुड्यांवर फवारणे म्हणजे पैसे मातीत घालणे. बीटी कपाशी, म्हणजे त्याच जिवाणूचे प्रथिन स्वतः तयार करणारी कपाशी, भारतात २००२ मध्ये आली तेव्हापासून तिच्यावर तुडतुडे आणि पांढरी माशी का येतात, असा प्रश्न विचारला जातो. बीटी प्रथिन बोंडअळ्यांच्या आतड्यांवर काम करते. रसशोषकांसाठी ते निवडलेलेच नाही. गुलाबी बोंडअळीने पुढे त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली, ही त्याहून निराळी अडचण आहे.

रसशोषकांसाठी विष झाडाच्या रसात पोहोचावे लागते किंवा किडीच्या अंगाला लागावे लागते. आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारी, औषधे आणि त्यांची बीजप्रक्रिया पहिल्या मार्गाने काम करतात. पाण्याचा ताण पडलेले झाड औषध नीट शोषत नाही, हे लक्षात घेऊन जमिनीत ओल असताना फवारणी करावी. स्पर्शजन्य औषध वापरायचे असेल तर पंपाचा नोझल पानाच्या खालच्या बाजूला वळवावा, कारण किडी तिथे असतात. व्हर्टिसिलियम किंवा मेटारायझियमसारख्या उपयुक्त बुरशी कातडीतून शिरतात, त्यांना किडीच्या तोंडाची गरज नसते, पण हवेत ओलावा हवा. ५ टक्के निंबोळी अर्काने किडीची खाण्याची इच्छा मंदावते, म्हणून तो प्रादुर्भाव वाढण्याआधी फवारलेला बरा. पिवळे चिकट सापळे मावा आणि पांढऱ्या माशीसाठी, निळे फुलकिड्यांसाठी लावावेत. कोणत्याही औषधाचे प्रमाण लेबलवरचेच घ्यावे, आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवून सगळ्या तोंडांवर एकदम मारा करण्याचा मोह टाळावा. त्यात आधी मित्रकीटक मरतात.

आत शिरणाऱ्या अळ्या चावूनच खात असल्या तरी त्यांना वरील नियम तसाच लावता येत नाही. गुलाबी बोंडअळी बोंडात गेली, छिद्र बुजले, की ती फवारलेल्या पृष्ठभागाला पुन्हा तोंड लावत नाही. अंड्यातून निघून बोंडात शिरेपर्यंतचा थोडा वेळच आपल्या हाती असतो आणि तो मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांवरून साधावा लागतो. सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग आढळले की उपाय करण्याची वेळ झाली असे समजतात. डोमकळी, म्हणजे गुलाबासारखे मिटून राहिलेले फूल, दिसले तर ते तोडून आतली अळी मारावी.

फवारणीनंतर दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहणी करावी, पण जुनी भोके, जुने वळलेले पान आणि चंदेरी रेघा भरून येत नाहीत, त्यामुळे त्यांवरून निष्कर्ष काढू नये. अळीसाठी पानाखाली कागद ठेवून ताजी, ओलसर विष्ठा पडते का ते पाहावे. माव्यासाठी संध्याकाळी झाडाखाली स्वच्छ काच किंवा चकचकीत कागद ठेवावा आणि सकाळी त्यावर चिकट थेंब आहेत का ते बोटाने तपासावे. तुडतुड्यांसाठी आणि फुलकिड्यांसाठी फवारणीनंतर उघडलेले नवे पान बघावे; ते सपाट आणि स्वच्छ असेल तर दुसऱ्या फवारणीची गरज नाही.